फलक क्रमांक सात : संयोजन समितीस खुले पत्र

प्रति,
आठ मार्च प्रदर्शन संयोजन समितीचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खुलं लिहायचं कारण साधं आहे. आपल्या ग्रुपवर गेल्या मंगळवारपासून फक्त ॲडमिनलाच लिहिता येतं. सातव्या फलकाबद्दल मी तीन मेसेज टाकले आणि तिसऱ्यानंतर कुलूप लागलं. समितीतल्या ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, ‘अहो, प्रिंटिंगला गेलंय, आता राहू द्या.’ मी प्रेसवर जाऊन विचारलं. गेलेलं नाही. शाई अजून बाटलीत आहे, म्हणून हा खटाटोप.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘जगभरच्या लढवय्या’ या नावाने आपण बारा फलक करतोय. तीन बाय दोन फुटांचं फ्लेक्स, वर फोटो, खाली एकशेवीस शब्द. सातवा फलक माझ्याकडे आला : फिलिपिन्सची रेमेडिओस गोमेझ-पाराइसो, चळवळीतलं नाव कुमांडर लिवायवाय. मी एकशेअठरा शब्द लिहून दिले. परत आलेल्या प्रूफमध्ये बासष्ट होते, आणि त्यातले निम्मे माझे नव्हते. ‘युद्धभूमीवरही सौंदर्य जपणारी रणरागिणी’ हे मथळ्यातलं वाक्य कुणाचं ते मला ठाऊक नाही. पुढे लाल लिपस्टिक, मग जपानी सैनिक, मग ‘थोर स्वातंत्र्यसैनिक’, शेवटी उद्गारचिन्ह. शिवाय डीटीपीवाल्या मुलाने ‘हुक चळवळ’चं (हुक म्हणजे ती ज्या जपानविरोधी फौजेत होती ती, पुढे सांगतेच) ‘हक्क चळवळ’ केलंय. त्याला मी दोष देत नाही, त्याला वाटलं माझीच चूक आहे. पण ‘कम्युनिस्ट’ हा शब्द गेला, ‘कुळं’ गेली, १९४५ नंतरचं सगळं आयुष्य गेलं आणि जंगलातल्या लग्नांबद्दलचं एक वाक्य गेलं, ते काही डीटीपीवाल्याने केलेलं नाही.

वाचनालयात उभा जन्म गेला की एक खोड लागते. पुस्तक परत आलं की माणूस आधी पानं मोजतो. त्या खोडीतूनच हे लिहितेय.

लिपस्टिकपासूनच सुरुवात करू, कारण ती खोटी नाही. लिवायवाय लढाईच्या आधी केस विंचरायची, नखं नीट करायची, ओठांना लाल लिपस्टिक लावायची. आपल्याकडच्या बऱ्याच फोनवर दर मार्चात ही गोष्ट येऊन जाते, तिथूनच समितीला हे नाव सुचलं हेही मला माहीत आहे. पण ती लिपस्टिक दाखवायची कुणाला होती? जपान्यांना नव्हे. गोळी झाडणारा शत्रू समोरच्याचे ओठ बघत नाही. नाकं मुरडली ती तिच्याच बाजूच्यांनी. शेतकऱ्यांच्या सैन्यात ही कसली नटवेगिरी, असं तिच्या साथीदारांना वाटायचं. त्यांना तिचं उत्तर असं होतं की या चळवळीत मी ज्या गोष्टींसाठी लढते, त्यात मी जशी आहे तशी राहण्याचा हक्कही आहे. म्हणजे भांडण घरातलं होतं. आपल्या फलकाने ते उचलून रणांगणावर नेऊन ठेवलं आणि वर ‘सौंदर्य’ लिहिलं. उखाळ्यापाखाळ्या काढणारे साथी सुटले, राहिली फक्त नटलेली बाई.

आता ती तिथे पोचली कशी ते बघा. लुझोन बेटाच्या मधोमध सपाट भाताचा प्रदेश आहे, त्यात पाम्पांगा प्रांत, त्यात मेक्सिको नावाचं गाव. (हो, मेक्सिको. समितीतल्या एका सरांनी ही चूक समजून दुरुस्त केली होती. ती चूक नाही.) रेमेडिओसचा जन्म १९१९चा. घर खाऊनपिऊन बरं होतं, वडील गावच्या कारभारात मानाच्या जागी होते, आणि ती गावच्या जत्रेत सौंदर्यराणी म्हणून निवडली गेलेली मुलगी होती. डिसेंबर १९४१मध्ये जपानी फौजा उतरल्या, जानेवारीत मनिला पडलं. तिच्या वडिलांनी प्रतिकाराची जुळवाजुळव सुरू केली. जपान्यांनी त्यांना धरलं, हालहाल करून मारलं आणि प्रेत गावच्या चौकात सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

या वाक्यापाशी जरा थांबा. तो कुठला तरी चौक नव्हता. स्पॅनिश वसाहतीत वसलेल्या गावांचा चौक म्हणजे चर्च, कचेरी, बाजार, जत्रा सगळं एकाच जागी. डोक्यावर मुकुट ठेवून मिरवणुकीत मुलगी जिथून जाते, तोच चौक. तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती. ती आणि तिचा भाऊ हुकांना जाऊन मिळाले.

हुक म्हणजे काय हे आपल्या प्रूफमध्ये कुठेच नाही, म्हणून इथे सांगते. ‘हुकबालाहाप’ हे तागालोग शब्दांची अक्षरं जोडून केलेलं नाव आहे. अर्थ, जपानविरोधी लोकसेना. २९ मार्च १९४२ला मध्य लुझोनच्या जंगलात ती उभी राहिली. मनिलाजवळच्या बाताआन द्वीपकल्पात अमेरिकी आणि फिलिपिनो फौजा जपान्यांना शरण यायच्या अकरा दिवस आधी. सरसेनापती लुइस तारुक, पाम्पांगातलाच. आणि उभी करण्यामागे होता ‘पीकेपी’, म्हणजे १९३०मध्ये मनिलात स्थापन झालेला फिलिपिन्सचा कम्युनिस्ट पक्ष. १९३८मध्ये त्यात पाम्पांगाचे समाजवादी मिसळले होते. हा शब्द काढला तर मग हे सैन्य आलं कुठून? आभाळातून पडलं?

मुळात हे सैन्य जपान्यांमुळे जन्मलं एवढंच खरं नाही. जपानी यायच्या आधी तिथे कुळांची चळवळ दहा वर्षं तापलेली होती. जमीनदाराची जमीन कसायची, निम्मं पीक त्याला द्यायचं, आणि उरलेल्या निम्म्यातून त्याचंच कर्ज फेडायचं. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की जमीनदाराकडून पोतं उसनं आणायचं. तिथे त्याला दोन शब्द होते. ‘तालिंदुवा’ म्हणजे दोन पोती नेली तर सुगीला तीन परत. ‘ताकिपान’ म्हणजे एक नेलं तर दोन. हे वाचलं तेव्हा माझी आजी आठवली. तिच्या तोंडी सवाई आणि दिढी हे शब्द इतके सहज असायचे की मला ते गणिताचे पाढे वाटायचे. ते उसन्या जोंधळ्याचे भाव होते हे फार उशिरा कळलं. आपल्या प्रदर्शनाला येणाऱ्या निम्म्या बायकांच्या आज्यांना ‘तालिंदुवा’ चुटकीसरशी समजला असता. आणि ‘आजच्या मुलींना रिलेट व्हायला हवं’ म्हणून आपण तेच काढलं.

सैन्यात सुरुवातीला तिच्याकडे जखमींच्या शुश्रूषेचं काम होतं. बहुतेक बायकांना तेच मिळायचं, किंवा निरोप्याचं. भाजीच्या टोपलीत चिठ्ठी घालून चौकी ओलांडायची, बाजाराला जाताना शिपायांच्या बंदुका मोजायच्या, गावोगावच्या संरक्षण समित्यांसाठी तांदूळ गोळा करायचा. पुस्तकांत या कामांना ‘साहाय्यक’ म्हणतात. १९५०मध्ये मनिलात पक्षाचे बडे पुढारी एका रात्रीत पकडले गेले. त्यांच्या ठावठिकाणांचा माग पोलिसांनी काढला तो घरोघर भाजीपाला पोचवणाऱ्या एका बाईच्या फेऱ्यांवरून. तिच्या टोपलीवर केवढं काय तोललेलं होतं ते यावरून समजून घ्या.

लिवायवाय त्यातून वर चढली आणि एका स्क्वाड्रनची कमांडर झाली. स्क्वाड्रन म्हणजे साधारण शंभर माणसं, जवळजवळ सगळे पुरुष, बरेचसे नांगर सोडून आलेले. कामान्सीच्या लढाईत समोर जपानी संख्येने कितीतरी जास्त होते. बाकीच्या तुकड्या मागे सरल्या, ती जागेवर राहिली, आणि शेवटी माघार जपान्यांना घ्यावी लागली. ‘लिवायवाय’चा तागालोग अर्थ पहाट. तिची मायबोली कापाम्पांगान, पण नाव तागालोग घेतलं. आपल्याकडे भूमिगत कार्यकर्त्यांना टोपणनावं कशी चिकटून राहायची, तसंच. पुढे लोक तिला याच नावाने ओळखत राहिले.

आता मुद्द्याचं. आपला फलक १९४५मध्ये संपतो. जपान हरला, रणरागिणी जिंकली, पडदा. तिची गोष्ट नेमकी तिथून अवघड होते.

फेब्रुवारी १९४५मध्ये मनिलाच्या बाजूने परतणाऱ्या हुकांच्या ७७व्या स्क्वाड्रनला अमेरिकी सैनिकांनी निःशस्त्र केलं आणि जाऊ दिलं. वाटेत मालोलोस गावात एका प्रतिस्पर्धी गनिमी टोळीने त्यांना गाठलं. एकशेनऊ जणांना गोळ्या घालून पुरलं. काही दिवसांपूर्वीपर्यंत जपान्यांशी लढत असलेली माणसं होती ती. टोळीप्रमुखाला शिक्षा झाली नाही, उलट अमेरिकनांनी त्याला गावचा महापौर नेमलं. तारुकला अमेरिकनांनीच तुरुंगात टाकलं. युद्धात लढलेल्या गनिमांना अमेरिकी लष्कराने मान्यता आणि थकलेला पगार दिला, त्यात बहुतेक हुकांची नावं नव्हती.

तरी त्यांनी बंदुका बाजूला ठेवून निवडणूक लढवली, हे कुणी सांगत नाही. एप्रिल १९४६मध्ये त्यांच्या आघाडीचे सहा उमेदवार मध्य लुझोनमधून निवडून आले. तारुक त्यातला एक. संसदेने त्यांना बसूच दिलं नाही. कारणही जगजाहीर आहे : अमेरिकनांना देशाच्या जमिनी-खाणींत फिलिपिनोंच्या बरोबरीचा हक्क देणारी घटनादुरुस्ती मंजूर करायची होती, आणि हे सहा जण आत असते तर तीनचतुर्थांश मतं पडली नसती. त्याच वर्षी कुळाला सत्तर आणि मालकाला तीस असा कायदा झाला आणि कागदावर राहिला. ऑगस्टमध्ये शेतकऱ्यांचा पुढारी हुआन फेलेओ सरकारी संरक्षणात प्रवास करत असताना पळवला गेला, तो जिवंत परत आलाच नाही. त्यानंतर हुक पुन्हा डोंगरात गेले. मार्च १९४८मध्ये सरकारने त्यांना बेकायदा ठरवलं.

लिवायवाय त्यांच्याबरोबर होती. १९४७मध्ये ती पकडली गेली तेव्हा वर्तमानपत्रांना सोन्याची खाण सापडली. ‘जोन ऑफ आर्क’ काय, ‘अ‍ॅमेझॉन’ काय! बंड करणाऱ्या सगळ्याच बायकांना मनिलाची वर्तमानपत्रं ‘अ‍ॅमेझॉन’ म्हणत. वार्ताहरांना बघायचं होतं की एवढी क्रूर बाई इतकी देखणी कशी. तिला सोडलं, ती परत गेली. तिचा नवरा, तोही हुक कमांडर, चकमकीत मारला गेला. ती पुन्हा पकडली गेली. त्यानंतर आयुष्य मोठं होतं. चळवळ पन्नासच्या दशकात मोडून पडली आणि लिवायवाय पुढे जुन्या सैनिकांच्या, विशेषतः बायकांच्या, हक्कांसाठी खेटे घालत राहिली. २०१४मध्ये, वयाची नव्वदी ओलांडून, ती गेली. वीस-पंचविशीतल्या लिपस्टिकचा फोटो आपण मोठा करून लावतो, आणि नंतरची साठ-पासष्ट वर्षं एका शब्दातही नाहीत.

‘कम्युनिस्ट’ शब्दाबद्दल. सरांचा मेसेज माझ्याकडे आहे : ‘मी सर्च केलं, तिथे ती अतिरेकी संघटना आहे, उगाच कशाला.’ सर, तुम्ही जे शोधलंत ते दुसरं आहे. जो पक्ष आणि ‘न्यू पीपल्स आर्मी’ ही फौज फिलिपिन्स सरकारने २०२०मध्ये दहशतवादी म्हणून घोषित केली, तो पक्ष होसे मारिया सिसोनने १९६८मध्ये जुन्या पक्षातून फुटून काढलेला. त्याची फौज १९६९ची, आणि तिचा स्थापनादिन मुद्दाम २९ मार्च ठेवला, हुकांचा वारसा सांगायला. त्यांच्यातल्या बायकांचा इतिहास वेगळा आहे, तो वेगळ्या फलकाचा. सौंदर्यस्पर्धेवर निदर्शनं करणारी, कविता लिहिणारी, हुकूमशहा मार्कोसच्या तुरुंगातून पळालेली आणि १९७६मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी मारली गेलेली लोरेना बार्रोस त्यातलीच. तिचं नाव आज केसोन सिटीतल्या हुतात्मा-भिंतीवर कोरलेलं आहे. तेव्हा तिकडचे लोकही आपल्याइतके घाबरत नाहीत. निदान दगडावर कोरताना तरी.

आणि शब्द काढायचाच असेल तर फक्त माझ्या फलकातून का? मी चौथा फलकही पाहिला. गोदावरी परुळेकरांच्या खाली ‘आदिवासींची सेवा करणाऱ्या थोर समाजसेविका’ असं छापून आलंय. सेवा! १९४५मध्ये झरीला वारली जमले ते वेठ बंद करायला जमले होते, आणि जमवली होती किसान सभेने. किसान सभा नाही, लाल बावटा नाही, वेठ नाही. सगळ्या जणींना एकाच साच्यातून काढलंय.

राहिलं ते एक वाक्य, ज्यावरून सर्वांत जास्त गदारोळ झाला. ‘आपल्या कार्यक्रमात असलं नको, शाळेच्या मुली येतात.’ मी लिहिलं होतं : ‘जंगलातल्या पुरुष कार्यकर्त्यांना दुसरी बायको करायची सोय पक्षाने नियम करून दिली, तेव्हा पक्षाच्या सर्वोच्च समितीत एकच बाई होती.’

त्या बाईचं नाव सेलिया मारियानो. तिच्या लिपस्टिकची कुठे नोंद नाही, म्हणून तिचा फॉरवर्ड येत नाही. विद्यापीठात शिकलेली, शहरी, पक्षाच्या पॉलिटब्यूरोत, म्हणजे त्याच सर्वोच्च समितीत, पोचलेली पहिली स्त्री. तिने १९४८मध्ये विल्यम पोमेरॉय या माजी अमेरिकी सैनिकाशी लग्न केलं. दोघं १९५०मध्ये डोंगरात गेले. तिथे ती शिक्षण विभागाचं काम बघायची. पावसात गळणाऱ्या झोपड्यांत वर्ग, वहीची टंचाई, आणि शिकणारे निम्मे लोक अक्षर गिरवण्यापासून सुरुवात करणारे. १९५२मध्ये दोघं पकडली गेली, जन्मठेप झाली, जवळजवळ दहा वर्षांनी सुटली. मग शिक्षेची खरी शेपटी : त्याला अमेरिकेला पाठवून दिलं, आणि तिला अमेरिकेने व्हिसा नाकारला, कारण ती कम्युनिस्ट. तो फिलिपिन्सला जाऊ शकत नव्हता, ती अमेरिकेला. १९६३मध्ये लंडनमध्ये भेटली आणि तिथेच राहिली. २००९मध्ये दोघंही गेली, आधी तो, काही महिन्यांनी ती.

आता तो नियम. १९५०च्या सुमाराला पक्षाने एक टिपण काढलं, त्याचं नावच होतं ‘लैंगिक प्रश्नाची क्रांतिकारी सोडवणूक’. अडचण खरी होती. नवरे वर्षानुवर्षं डोंगरात, बायका गावात. कमांडरांनी डोंगरातल्या तरुण मुलींशी संसार थाटलेले. तक्रारी, मारामाऱ्या, सोडून जाणं. पक्षाने ठरवलं की विवाहित पुरुषाला डोंगरात एक साथीदारीण करता येईल, पण अटींवर. वरच्या समितीची परवानगी घ्यायची. गावातल्या बायकोला कळवायचं. नव्या मुलीपासून लग्न झाल्याचं लपवायचं नाही. बायकोलाही तीच मोकळीक. आणि लढा संपून घरी परतल्यावर दोघींपैकी एक निवडायची.

कागदावर किती समतेचं! कुणी तरी प्रामाणिकपणे बसून लिहिलंय हे जाणवतं, आणि मी हे टवाळीसाठी सांगत नाही. लबाडी करणाऱ्यांनी नियम केलेच नसते. पण हे टिपण हातात घेऊन एखाद्या गावात जाऊन बघा. गावातल्या बायकोच्या दारात आठवड्याला शिपाई येतोय, कडेवर पोर आहे, सासू आहे. तिने ‘मलाही मोकळीक आहे’ म्हणून दुसरा पुरुष घरात घेतला तर गाव तिला जगू देईल? आणि डोंगरातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, तिच्यापुढे कमांडर येऊन सांगतो की माझं लग्न झालंय, परवानगी मिळालीय, तुझं काय म्हणणं. ती काय म्हणणार? पोर झालं तर ते कुठल्या तरी नातेवाइकाच्या घरी ठेवून तिने परत यायचं. पुष्कळ जणींनी तसं केलं. पुढे एका फिलिपिनो इतिहासकार बाईंनी या म्हाताऱ्या झालेल्या लढवय्यांना गाठून मुलाखती घेतल्या, तेव्हा बऱ्याच जणींना चळवळीचा अभिमान आणि ती ठेवून आलेली पोरं या दोन्हींबद्दल एकाच श्वासात बोलायचं होतं.

हे लिवायवायच्या फलकावर कशाला, असं ताईंनी विचारलं होतं. तिच्या ओठांवर नाकं मुरडणारे आणि हे टिपण लिहिणारे एकाच चळवळीचे होते म्हणून. बाईने लिपस्टिक लावली तर शिस्त बिघडते, पुरुषाला दुसरी बायको हवी झाली तर त्याला क्रांतिकारी सोडवणूक. यातलं पहिलं आपण फलकावर ठेवलं, तेही गुळगुळीत करून, आणि दुसरं शाळेच्या मुलींच्या भीतीने पुसलं. शाळेच्या मुली हल्ली काय काय वाचतात हे वाचनालयाच्या काउंटरवर बसून मी बघते. त्यांची काळजी करू नका.

आणखी एक, जाता जाता. कुणी तरी सुचवलं होतं की लिवायवाय वादग्रस्त असेल तर तिच्याऐवजी ‘दायांग-दायांग’ घ्या. फेलिपा कुलाला, हुकांच्या पहिल्या लष्करी समितीतली, जिने मार्च १९४२मध्ये सैन्य स्थापन व्हायच्या आधीच जपान्यांना गाठून चोपलं होतं. जरूर घ्या, मला ती फार आवडते. फक्त लूटमार केली म्हणून १९४३मध्ये तिला हुकांनीच गोळ्या घातल्या हेही लिहा. माझी खात्री आहे की त्या फलकाचं प्रूफ आलं की त्यात फक्त ‘धाडसी’ उरेल.

मी प्रदर्शनातून अंग काढून घेणार नाही. वाचनालयाचा हॉल ठरलाय, खुर्च्या आमच्याच आहेत. मागणी एवढीच की सातव्या फलकाचा मजकूर खाली दिलाय तो जसाच्या तसा छापावा. शब्द एकशेवीसच्या आतच आहेत, पण प्रूफमधल्या बासष्टांपेक्षा चाळीसेक जास्त भरतात. त्यासाठी फोटो दोन इंचांनी लहान करावा लागेल, मी प्रेसवाल्याशी बोललेय, तो तयार आहे.

*रेमेडिओस गोमेझ-पाराइसो, ‘कुमांडर लिवायवाय’ (१९१९–२०१४). जन्म मेक्सिको, पाम्पांगा, फिलिपिन्स. जपान्यांनी वडिलांना मारून प्रेत गावच्या चौकात ठेवलं, त्यानंतर कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या हुकबालाहाप या सैन्यात दाखल. साधारण शंभर जणांच्या स्क्वाड्रनची कमांडर. हे सैन्य निम्मं पीक मालकाला देणाऱ्या कुळांचं होतं. युद्धानंतर त्यांचे निवडून आलेले सहा प्रतिनिधी संसदेत बसू दिले गेले नाहीत आणि लढाई पुन्हा सुरू झाली. तिला दोनदा अटक झाली, नवरा चकमकीत मारला गेला. लढाईआधी ती लिपस्टिक लावायची. ते साथीदारांना आवडायचं नाही, तरी तिने सोडलं नाही. पुरुष कार्यकर्त्यांना जंगलात दुसरी साथीदारीण करण्याची मुभा याच पक्षाने १९५०च्या सुमारास दिली. तेव्हा पक्षाच्या सर्वोच्च समितीत एकच स्त्री होती, सेलिया मारियानो. उतारवयात लिवायवायने जुन्या सैनिक स्त्रियांच्या हक्कांसाठी काम केलं.*

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाचनालयाची ग्रंथपाल
(फलक क्रमांक सातची लेखिका, अजून तरी)

ता. क. फलकाची पार्श्वभूमी गुलाबी आहे आणि उजव्या कोपऱ्यात ओठांच्या ठशाचं एक चित्र टाकलंय. ते काढून तिथे भाताची लोंबी टाकता येईल का, असं मी डीटीपीवाल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, लोंबीचं चित्र त्याच्याकडे तयार आहे, मागच्या वर्षी एका खताच्या दुकानाच्या बोर्डासाठी केलं होतं. तेवढी परवानगी त्याला द्या.